उंच गाडीचं ॲव्हरेज

माझ्या धाकट्या भावाने पिकअप घेतली तेव्हा ती चारचौघींसारखीच होती. पुढे माणसांना बसायची दोन रांगांची केबिन, मागे माल टाकायला हौदा. उंच केली ती त्याने नंतर, निव्वळ हौसेने. स्प्रिंगांना किट लावून चेसिस वर उचलून घेतली आणि मग त्या उंचीला शोभावेत म्हणून ट्रॅक्टरला लाजवतील असे टायर बसवले. दारात आणून उभी केली तेव्हा अख्खं गाव बघायला आलं. आमचं गाव डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला आहे. तिथे जमिनी गेल्यापासून पुरुषाची उंची त्याच्या गाडीवरून मोजतात. मी वर्तकनगरहून रविवारी माहेरी गेले तर हा हात कमरेवर ठेवून गाडीशेजारी उभा, नुकतं बारसं झालेल्या बापासारखा.

"नाकापेक्षा मोती जड," मी म्हटलं.

"ताई, तुला नाय कलायचं. लूक बग ना लूक."

लूक मी बघितला. गाडीत चढायला मला साडी गुडघ्यापर्यंत उचलावी लागली, तेवढा लूक मला पुरला.

गाडी वर गेली आणि ॲव्हरेज खाली आलं. आधी लिटरला अकरा-बारा किलोमीटर द्यायची, ती सात-आठावर आली. भावाचा धंदा म्हणजे वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यातून लोखंडी गेट, जाळ्या, जिने उचलायचे आणि खडवलीच्या बाजूला ज्यांनी नदीकाठी फार्महाऊस बांधलीत त्यांना पोचवायचे. दुसऱ्यांच्या जमिनींना कुंपणं पोचवायची, हे काम आमच्या घरातल्या माणसाने निवडावं याची मला गंमत वाटायची. त्याला नाही वाटायची. डिझेल त्याचं त्यानेच भरायचं होतं, त्यामुळे हौस लवकरच त्याच्या चेहऱ्यावरून उतरली. गाडीवरून मात्र उतरली नाही.

ती गाडी मी कधीच विकायला लावली असती. पण मध्ये बाबा आले.

बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावा पाय आणि डावा हात गेला, आणि बोलणंही जवळजवळ गेलं. जीभ शाबूत होती, डॉक्टर म्हणायचे बोलू शकतील. पण बोलायचे नाहीत. ओट्यावर खुर्ची टाकून दिली की बसून राहायचे. माझी भावजय समोर ताट ठेवायची, जेवायचे. उचलायची, तर हात बाजूला घ्यायचे. एक माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा बसून आहे, हे दर रविवारी बघून मी परत यायचे आणि घरी नवऱ्यावर विनाकारण खेकसायचे.

एकदा त्यांना डॉक्टरकडून आणताना भावाने खाडीकडचा रस्ता घेतला. बाबा पुढच्या सीटवर, मी मागे. त्यांना चढवणं हा एक सोहळाच होता. खाली प्लॅस्टिकचं स्टूल, भावाने काखेत हात घालून वर ओढायचं, मी पाय उचलून आत घ्यायचा. तर त्या रस्त्याच्या कडेने एक लांबलचक भिंत आहे. माझ्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. भिंतीपलीकडे आमची जमीन. म्हणजे होती. एका बिल्डरला गेली, त्याने भिंत घातली, मग त्याचं आणि त्याच्या भागीदारांचं आपापसात कोर्टात अडकलं आणि आत काहीच बांधलं गेलं नाही. गवत वाढलं. भिंत झाल्यापासून आमच्यापैकी कोणीही पलीकडे पाहिलं नव्हतं. गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही. आम्ही एकदा विचारलं होतं, त्याने फोन लावला आणि मान हलवली.

भिंतीशी आलो आणि बाबांनी उजवा हात डॅशबोर्डवर आपटला. "थांब."

भावाने ब्रेक मारला. बाबा खिडकीतून बघत होते. त्या उंच गाडीच्या त्या उंच सीटवरून त्यांचे डोळे भिंतीच्या बरोब्बर वर येत होते.

"बांद हाय," ते म्हणाले. मान आणखी पुढे काढली. मग, "वरच्या टोकाला खचलाय. पर हाय."

खाडीकाठची भातशेती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. शेत आणि खाडी यांच्यात एक मातीचा बांध असतो, बस. अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. बांध फुटला तर मीठ आत येतं आणि ती जमीन पुढची काही वर्षं भाताचं नाव घेत नाही. म्हणून उधाणाची भरती येऊन गेली की बांधावरून चालायचं, खेकड्यांनी पाडलेली बिळं शोधायची आणि चिखल घेऊन पायाने दाबून बुजवायची. गावातले सगळेच हे करायचे, पण बाबा उधाण असो-नसो रोज जायचे. आई म्हणायची, यांची पहिली बायको तो बांध आहे. जमीन गेली, तरी भिंत होईपर्यंत ते जातच होते. दुसऱ्याच्या जमिनीतली बिळं बुजवत होते. मी एकदा म्हटलं, बाबा, आता कोणासाठी? तर माझ्याकडे असं बघितलं की मी विचारलंच नाही असं झालं.

त्या दिवसापासून भाऊ त्यांना रोज भिंतीशी न्यायला लागला. दुपारी माल पोचवून आला की स्टूल, काख, पाय, आणि निघाले. आणि बाबा तिथे बोलायचे. घरी नाही, डॉक्टरकडे नाही, फक्त तिथे, सीटवर बसून. पानी कवरा चढलाय. बगले उतरलेत. अमुक ठिकाणी बिल पडलंय, कुनी बुजवाला नाय. असं तुटक-तुटक, पण बोलायचे. रविवारी मी बरोबर असायचे. मागच्या सीटवरून मला भिंत आणि बाबांचा कान, एवढंच दिसायचं. मला तेवढं पुरायचं. ज्या गाडीला मी नावं ठेवली होती, तिच्या त्या मूर्ख उंचीला मी मनातल्या मनात हात जोडले.

मग भावाने सांगितलं की रोज जमणार नाही. कारखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. वर ह्या गाडीचा हौदा एवढा उंच की माल चढवणारे हमाल कुरकुर करायचे, त्याच्याऐवजी दुसऱ्याची गाडी बोलवायचे. आणि आहे त्या फेऱ्यांत डिझेल कमाई पिऊन टाकत होतं. "ताई, रोज तिकरं जाऊन यायला जेवरं डिझेल जातं ना, तेवऱ्यात माजी अर्धी फेरी व्हते. रविवारी नेन मी." रविवारी म्हणजे आठवड्यातून एकदा बोलणारा बाप. मी चिडले, भांडले, आणि मग माझ्या स्वभावाप्रमाणे कामाला लागले. ठरवलं, गाडी खाली न घेता ॲव्हरेज वाढवायचं. वाढलं की बाबांची रोजची फेरी परवडेल. माझ्या डोक्यात हिशोब इतका सरळ होता.

पहिल्यांदा टायरमधली हवा. भाऊ मुद्दाम हवा कमी ठेवायचा, गाडी मऊ चालते म्हणून. कमी हवेचा टायर रस्त्याला चिकटून चालतो आणि डिझेल खातो, हे मला ऑफिसातल्या ड्रायव्हरने सांगितलं. हवा भरली. गाडी जरा हलकी पळायला लागली. पण आमच्या रस्त्यांवर ती आता अशी उडायची की बाबांचा निर्जीव हात दारावर आपटून काळानिळा झाला. निम्मी हवा परत काढली.

मग एअर फिल्टर. मग अलाइनमेंट. मग ओझं. टपावरचं कॅरिअर काढलं, त्यावरची दिव्यांची पट्टी काढली, पुढचा लोखंडी गार्ड काढला, हळदीच्या वरातींसाठी बसवलेली स्पीकरची पेटी काढली. सगळं गच्चीवर नेऊन ताडपत्रीखाली टाकलं. गार्ड निघाल्यावर गाडीचं तोंड कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसायला लागलं. भावाचं चालवणंही बदललं. जो माणूस कधी कोणाला ओव्हरटेक करू द्यायचा नाही, तो रिक्षांच्या मागून बैलगाडीच्या चालीने जायला लागला. पाय हलका ठेव, गिअर लवकर टाक, असं मी शेजारी बसून सांगायचे आणि तो ऐकायचा. त्याने एकदा तरी उलट बोलावं असं मला वाटायचं.

फरक पडला म्हणजे काय, नाव घ्यावं इतकाही नाही.

मध्ये एक आनंदाचा दिवस आला, त्याचीही गोष्ट सांगते. मला कुठून तरी कळलं की मोठे टायर लावले की गाडीचा मीटर खोटं बोलतो. मीटर चाकाचे फेरे मोजतो, आणि मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता खातं, म्हणजे गाडी चालते जास्त आणि मीटर दाखवतो कमी. मी फोनच्या नकाशावर वर्तकनगर ते गाव अंतर बघितलं आणि मीटरशी ताडून पाहिलं. खरंच, मीटर मागे होता. नवा हिशोब केला तर ॲव्हरेज आठाच्या जागी नऊच्या वर गेलं! मी स्वयंपाकघरात जाऊन भावजयीला सांगितलं, तिने हात पुसत पुसत "अगं बाई" केलं. भाऊ जेवत होता. त्याने घास गिळला.

"पन ताई, टाकी तर तवाच रिकामी व्हते ना?"

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी परत भाजी चिरायला बसले.

शेवटी ज्याच्याकडून किट बसवून घेतलं होतं, त्या वागळे इस्टेटमधल्या गॅरेजवाल्याला भावाने एका रविवारी घरी बोलावलं. त्याने गाडीखाली वाकून बघितलं, एक चक्कर मारून आणली आणि सरळ सांगितलं. इंजिनाला एवढी मोठी चाकं फिरवायला जोर लागतो, त्यासाठी आतले गिअर बदलावे लागतात, आणि ह्या गाडीला ते इथे मिळत नाहीत. टायर उतरवा, किट काढा, गाडी खाली घ्या. "ते नाय करायचं असेल तर मग वजन उतरवत राहा. एक किलोपन फुकटचा ठेवू नका गाडीत. वजनच डिझेल पितं." बाबा तेव्हा गाडीतच बसले होते, आम्ही त्यांना नुकतंच भिंतीशी फिरवून आणलं होतं. दार उघडं होतं. ते ऐकतायत हे आमच्या कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. न बोलणाऱ्या माणसाला ऐकूही येत नाही असं घरातले हळूहळू धरून चालतात.

पुढे काही आठवड्यांनी भावजयीचा फोन आला. बाबा ताटात टाकतायत. भाकरी अर्धी, भात अर्धा. दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम बाजारातून निवट्या नेल्या. खाडीच्या चिखलातली ही मासळी आमच्याकडे जीव की प्राण, आणि बाबांचा तर त्यावर डोळा असायचा. भावजयीने कालवण केलं. बाबांनी दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल झालेली मला तेव्हा दिसली. डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. दुखतंय का, गिळता येत नाही का, तोंडाला चव नाही का? सगळ्याला नकारार्थी मान.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले आणि म्हटलं, बाबा, मला सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. मी किती हट्टी आहे ते त्यांना माहीत होतं. त्यांच्याकडूनच आलंय ते.

शेवटी म्हणाले, "गारीला वजन व्हतं."

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मी ओरडले. बापावर ओरडले. "बाबा, हौद्यात लोखंडाची गेटं जातात! जिने जातात! तुमच्या अर्ध्या भाकरीने काय होणार आहे?"

ते माझ्याकडे शांतपणे बघत राहिले. समजत नसलेल्या पोरीकडे बघावं तसे. "बांद कशानं फुटतो, बाय? खेकऱ्याच्या बिलानं फुटतो. एवऱ्याश्या."

जन्मभर ज्या माणसाने बोटभर भोकं बुजवून खाडी थोपवली, त्याला मी काय समजावणार होते? त्याच्या हिशोबात अर्धी भाकरी म्हणजे एक बुजवलेलं बीळ. अशी पुरेशी बुजवली की डिझेल गळायचं थांबणार, आणि त्याला रोज भिंतीशी नेणार. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. भाऊ बाहेर गाडीशी उभा होता, मी त्याला सांगितलं. तो टायरला टेकून खाली बसला. त्याला रडताना मी आई गेली त्या वेळेनंतर पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही बाबांना खूप समजावलं. गॅरेजवाल्यालाही फोनवर बोलायला लावलं. बाबा मान हलवायचे आणि ताटात टाकायचे.

त्यातच ते टायर घासून गुळगुळीत झाले. कधीतरी होणारच होते. तसलेच नवे घ्यायचे की साधे घेऊन गाडी खाली आणायची, हे आता ठरवायलाच हवं होतं. भाऊ म्हणाला, "तू सांग." मी सांगितलं, खाली घे. ॲव्हरेज येईल, हमाल माल चढवतील, तू त्यांना रोज नेशील, रोज नेलंस की ते जेवतील. भिंतीचं काय, हे त्यानेही विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. बघू काहीतरी, एवढंच दोघांच्या मनात असणार. आमच्या घरात मोठ्यात मोठे निर्णय असेच 'बघू काहीतरी'वर झालेले आहेत.

गाडी खाली आली. पुन्हा चारचौघींसारखी झाली. आणि ॲव्हरेज खरंच आलं, अकराच्या वर. महिनोन्महिने ज्यासाठी डोकं आपटलं ते दोन दिवसांच्या कामात झालं.

बाबांना आता स्टूल लागलं नाही. भावाने नुसतं धरलं आणि ते एका पायावर तोल सावरत सीटवर टेकले. भिंतीशी गेलो. भिंत त्यांच्या कपाळाला येत होती. मी घरून दोन उशा आणल्याच होत्या. एक घातली, तर भिंतीची कड भुवईला. दुसरी घातली, तर डोकं वर टपाला टेकलं, मान वाकवावी लागली, आणि मान वाकवली की पुन्हा समोर भिंतच. आम्ही उशा काढल्या. हौद्यात खुर्ची ठेवून बसवू या, भाऊ म्हणाला. घरी येऊन अंगणात करूनही बघितलं, पण डाव्या बाजूला ते कलंडायला लागले. दोरीने बांधू का म्हटल्यावर पहिल्यांदाच रागावले. "हौद्यात गनपती नेतात विसर्जनाला. मना नाय बसाचा." शेजारी एकाच्या नव्या टॉवरला लिफ्ट आहे, तिथल्या गच्चीवरही नेऊन आणलं. वरून सगळंच दिसतं, आमची जमीन, पलीकडची खाडी, पूल. बाबांनी एकदा बघितलं आणि व्हीलचेअरच्या दांडीवर बोटं वाजवायला लागले. एवढ्या वरून बीळ कुठे दिसतंय?

शेवटचा उपाय म्हणून मीच भिंतीशी उतरले. दाराच्या पायरीवर चढून, टपाला धरून पलीकडे बघितलं आणि त्यांना सांगायला लागले. बांध आहे, बाबा. गवत आहे. पाणी आहे.

"पानी आलीकरं का पलीकरं?"

मी बघितलं. दोन्हीकडे चमकत होतं. मला आमच्या शेतातलं पाणी आणि खाडीचं पाणी ओळखता आलं नाही. मी त्यांच्याच घरात वाढलेली, आणि मला ओळखता आलं नाही. "दोन्हीकडे आहे," मी म्हटलं.

मी खाली उतरून मागे जाऊन बसले, मला त्यांचा कान दिसत होता.

भाऊ शब्दाला जागला. तो त्यांना रोज नेतो, अजूनही. बाबाही जातात, नेलं तर नाही म्हणत नाहीत. जेवणं काही सुधारलं नाही. डॉक्टर आता वयाचं कारण सांगतात. मागच्या रविवारी मी बरोबर होते. ऊन उतरलं होतं, रस्ता मोकळा होता. भिंत सुरू झाली तसा भावाने सवयीने वेग कमी केला आणि गाडी नेहमीच्या जागी उभी केली. इंजिन चालूच होतं. बाबा समोर बघत होते, रस्त्याकडे. भिंतीकडे त्यांनी मान वळवली नाही.

"थांबू नको," ते म्हणाले. "उबी रायली तरी डिझेल पिते ती."

भावाने आरशातून माझ्याकडे बघितलं. त्याने गिअर टाकला.